कविगायक आणि लोकप्रिय गीत : कोल्हापूरची परंपरा

स्वतः गीत रचून, त्याला स्वतःच चाल बांधून ते स्वतःच गाणाऱ्या कलावंतास कविगायक म्हणता येईल. लोकप्रिय गीताचे मूल्यमापन करताना या तिहेरी कर्तृत्वाला कितपत महत्त्व द्यावे, गीताचे श्रेय शब्दाला, चालीला की कंठाला द्यावे, आणि गायकाची लोकप्रियता ओसरल्यानंतर त्याच्या कार्यातून नेमके काय उरते, हे प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक देशांत चर्चिले गेले. मराठीत ही चर्चा ‘कवी की गीतकार’, ‘भावगीत की चित्रपटगीत’ अशा निराळ्या शब्दांत झाली. तिचा विचार कोल्हापूरच्या संदर्भात करणे विशेष सोयीचे आहे. कारण शाहिराचा डफ, दरबारी गायकाचा तंबोरा आणि चित्रपटनिर्मितिगृहातील ध्वनिक्षेपक ही तिन्ही साधने या एकाच नगरात काही दशके शेजारी शेजारी नांदली.

या वादाला सर्वांत ठळक रूप इटलीत आले. गायक आणि रचनाकार या अर्थांच्या दोन शब्दांचा संयोग करून बनविलेला ‘कांताउतोरे’ हा शब्द तेथे १९६० च्या सुमारास रूढ झाला. त्यापूर्वी, १९५१ पासून, सानरेमो येथे प्रतिवर्षी गीतमहोत्सव भरू लागला होता. हा महोत्सव मुळात गायकांचा नसून गीतांचा होता. १९५० ते १९७० च्या दरम्यान बहुतेक वर्षी प्रत्येक गीत दोन भिन्न गायकांकडून गाऊन घेतले जाई; एका कंठाचा मोह पडून गीताची पारख चुकू नये, ही त्यामागील कल्पना. १९५८ साली दोमेनीको मोदून्यो याने हा महोत्सव जिंकला आणि कविगायकांच्या युगाचा आरंभ तेथून मानण्याची प्रथा पडली. मात्र त्या विजयी गीताच्या शब्दरचनेत फ्रांको मिल्याच्ची याचाही वाटा होता, ही गोष्ट त्या प्रथेत सहसा सांगितली जात नाही.

पुढे लुईजी तेंको या तरुण कविगायकाचे गीत १९६७ च्या महोत्सवात अंतिम फेरीपर्यंत पोहोचले नाही आणि त्याच रात्री त्याने सानरेमो येथे आत्महत्या केली. या घटनेने इटालियन गीतविश्वात कायमची फूट पाडली. एका बाजूस ‘खरे’, म्हणजे स्वतःचे शब्द गाणारे कविगायक आणि दुसऱ्या बाजूस दुसऱ्याची गीते गाणारे लोकप्रिय तारे, अशी विभागणी होऊन पहिल्यांना साहित्यिक प्रतिष्ठा व दुसऱ्यांना केवळ श्रोते मिळाले. तेंकोच्या नावाने १९७२ मध्ये स्थापन झालेल्या मंडळाने ही विभागणी आणखी दृढ केली. फाब्रित्सिओ दे आंद्रे (१९४०–९९) हा पहिल्या पक्षाचा सर्वमान्य अग्रणी. पण त्याच्या १९८४ मधील जेनोआच्या बोलीतील प्रख्यात ध्वनिमुद्रिकेचे संगीत प्रामुख्याने माउरो पागानी याचे आहे. लूचो बात्तीस्ती (१९४३–९८) याने तर १९८० पर्यंत बहुतेक सर्व गीते मोगोल या गीतकाराच्या शब्दांवरच बांधली. मीना ही असामान्य गायिका मुख्यतः इतरांनी रचलेली गीतेच गात राहिली. एकाच व्यक्तीचे तिहेरी कर्तृत्व ही कसोटी काटेकोरपणे लावली, तर इटालियन गीतांचा फार मोठा आणि फार चांगला भाग बाहेर फेकला जातो. बॉब डिलन यास २०१६ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर हा वाद पुन्हा उफाळला. तथापि त्यातील मूळ गोंधळ तोच राहिला. कर्तृत्व एकवटले आहे म्हणून कृती श्रेष्ठ ठरते, असे गृहीत धरण्याचा हा गोंधळ होय.

मराठीत तिहेरी कर्तृत्वाची परंपरा इटलीहून पुष्कळ जुनी आहे. राम जोशी (१७६२–१८१२) हे स्वतःच्या लावण्या स्वतः गात. पोवाड्याचा शाहीर हा तर जवळजवळ व्याख्येनेच कविगायक. डफ त्याच्या हाती असतो, तुणतुणे व झांज साथीला असतात आणि झीलकरी ध्रुवपद उचलून धरतात. चौकाचौकांतून कथानक पुढे सरकते व मधल्या गद्य निवेदनात शाहीर समोरच्या समुदायाचा अंदाज घेऊन शब्द वाढवितो किंवा गाळतो. अशा रचनेत संहिता स्थिर नसते आणि म्हणूनच ती दुसऱ्याच्या हाती सोपविता येत नाही. परंतु त्याच काळात कर्तृत्व विभागल्याचेही उदाहरण आहे. होनाजी शिलारखाने याने रचना कराव्यात आणि बाळा करंजकर याने त्या गाव्यात, अशी होनाजी–बाळा या जोडनावामागील वाटणी होती. लोकांनी दोघांचे मिळून एकच नाव केले आणि त्यांत लहानमोठेपणा केला नाही. समीक्षेला हा समंजसपणा पुढे दाखविता आला नाही.

विसाव्या शतकात कवी पुन्हा स्वतःच्या कविता गाऊ लागला. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाचे कार्यक्रम लोकप्रिय केले. त्यांपैकी माधव जूलियन (१८९४–१९३९) हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापक होते आणि त्यांच्या छंदोरचना या ग्रंथाने वृत्ताचे चालीशी असलेले नाते शास्त्रशुद्ध रीतीने मांडले. मात्र कवींचे हे गायन म्हणजे चालीवर म्हटलेली कविता होती. संगीत म्हणून तिला स्वतंत्र अस्तित्व नव्हते. ते अस्तित्व गजानन वाटवे (१९१७–२००९), जी. एन्. जोशी (१९०९–९४) इत्यादींच्या भावगीतगायनाने आणि ध्वनिमुद्रिकेने दिले. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे सव्वातीन मिनिटांत संपत असे. ध्रुवपद आणि दोनतीन कडवी, हा मराठी भावगीताचा आजही रूढ असलेला घाट हा कोणा साहित्यशास्त्रज्ञाने ठरविलेला नसून त्या तबकडीने ठरविलेला आहे.

कोल्हापुरात या सर्व धारा एकत्र आल्या त्या छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयामुळे आणि नंतर चित्रपटव्यवसायामुळे. गायन समाज देवल क्लब ही संस्था येथे १८८३ मध्ये स्थापन झाली. जयपूर–अत्रौली घराण्याचे अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) हे शाहूंच्या दरबारी गायक होते. केशवराव भोसले (१८९०–१९२१) हे कोल्हापूरचेच. त्यांच्या तानेवर लुब्ध असलेला प्रेक्षकवर्ग पाहता त्यांना आधुनिक अर्थाने लोकप्रिय तारा म्हणण्यास हरकत नाही. या वातावरणात वाढलेले गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) हे कोल्हापूरजवळच्या सांगवडे गावचे. ते संवादिनीवादक, नट, नाटककार, संगीतरचनाकार आणि संगीतविषयक मराठी गद्याचे एक उत्तम लेखक होते. कोल्हापूर येथे १९२९ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या अयोध्येचा राजा (१९३२) या बोलपटाचे संगीत त्यांचे आणि त्यातील हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. पार्श्वगायनाचे तंत्र अद्याप आले नव्हते. छायाचित्रण चालू असतानाच नटाला गावे लागे. त्यामुळे चाल बांधणारा, ती गाणारा आणि पडद्यावर दिसणारा मनुष्य एकच राहिला. अशी एकात्मता कोल्हापुरात, किंबहुना मराठी चित्रपटात, पुन्हा क्वचितच दिसली.

पार्श्वगायन आल्यावर कर्तृत्वाची चौफाळणी झाली. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, कंठ तिसऱ्याचा आणि चेहरा चौथ्याचा. ही व्यवस्था कलेला मारक आहे, असा आक्षेप अनेकदा घेतला जातो. कोल्हापूरच्या निर्मितिगृहांतून घडलेल्या कलावंतांचा इतिहास या आक्षेपाला फारसा दुजोरा देत नाही.

सुधीर फडके (२५ जुलै १९१९–२९ जुलै २००२) यांचा जन्म कोल्हापूरचा आणि त्यांचे संगीतशिक्षणही तेथेच वामनराव पाध्ये यांच्याकडे झाले. बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकर यांच्या गायकीचा ठसा त्यांच्या गळ्यावर उमटला होता. पण तान आणि विस्तार यांपेक्षा शब्दाचा उच्चार आणि त्याचा अर्थ हे त्यांनी आपले साध्य मानले. गंधर्वगायकीतील मुरकीचा उपयोग त्यांनी शोभेसाठी न करता शब्दातील एखादे अक्षर किंचित रेंगाळत ठेवण्यासाठी केला, ही त्यांची खरी नवता. ते कवी नव्हते. तरीही त्यांनी गायिलेल्या व चाल दिलेल्या गीतांवर त्यांचा इतका निःसंदिग्ध ठसा आहे, की त्यांना ‘केवळ संगीतकार’ म्हणणे अपुरे वाटते. भाभी की चूड़ियाँ (१९६१) या हिंदी चित्रपटातील त्यांचे लता मंगेशकर यांनी गायिलेले प्रभातगीत याचा पुरावा आहे : भाषा, कवी आणि कंठ तिन्ही बदलूनही ते फडक्यांचे म्हणून ओळखू येते.

ग. दि. माडगूळकर (१९१९–७७) हेही तारुण्यात कोल्हापुरासच आले. हंस पिक्चर्समध्ये किरकोळ भूमिका करीत आणि वि. स. खांडेकर यांचे लेखनिक म्हणून काम करीत त्यांनी चित्रपटाची भाषा आत्मसात केली. चित्रपटगीतासाठी आवश्यक असलेला प्रसंग, पात्र आणि चाल यांचा त्रिविध काच त्यांनी जाच न मानता वृत्तासारखा मानला. कीर्तन, भूपाळी, अभंग, ओवी, लावणी या सर्वांचे वळण त्यांच्या लेखणीला ठाऊक होते. म्हणून मागणी कोणतीही असो, शब्द परंपरेतून आलेले वाटत. बात्तीस्ती व मोगोल यांच्यासारखेच फडके व माडगूळकर हे जोडनाव दीर्घकाळ टिकले, आणि दोघांत मतभेदांचे प्रसंग येऊनही निर्मिती थांबली नाही.

या सहकार्याचे शिखर म्हणजे गीतरामायण. पुणे आकाशवाणी केंद्राचे सीताकांत लाड यांच्या प्रेरणेने १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, त्याचे प्रसारण सुरू झाले आणि आठवड्यास एक याप्रमाणे एप्रिल १९५६ पर्यंत छप्पन्न गीते प्रसारित झाली. दर आठवड्यास एक गीत लिहून, चाल बांधून, तालीम घेऊन प्रक्षेपित करावयाचे, ही घाई पाहता त्यातील एकही गीत वेठ उरकल्यासारखे वाटू नये, हे आश्चर्यच होय. मूळ प्रसारणात निरनिराळ्या पात्रांना निरनिराळे कंठ होते. माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, सुरेश हळदणकर, लता मंगेशकर आदींनी त्यात भाग घेतला होता. पुढे मात्र फडके यांनी ही सर्व गीते एकट्याने रंगमंचावर गाण्यास आरंभ केला आणि महाराष्ट्रात व महाराष्ट्राबाहेर मराठी माणसे जेथे जेथे होती तेथे तेथे तेच रूप रूढ झाले. आज गीतरामायण म्हणताच ज्याचे स्मरण होते तो फडके यांचा एकट्याचा स्वर होय.

या दोन रूपांची तुलना फारशी झालेली नाही. ती होणे अगत्याचे आहे. आकाशवाणीवरील रूप हे श्राव्य नाटक होते. कौसल्येचा, सीतेचा, भरताचा कंठ वेगळा असल्याने प्रत्येक गीताला पात्राची मर्यादा होती. एककंठी रूपात ती मर्यादा गळाली. स्त्रीपात्रांच्या गीतांतील कोवळीक निवेदनाच्या सुरात विरघळली आणि नाट्याची जागा कथेकऱ्याच्या एकसलग करुणेने घेतली. दुसरीकडे लाभही झाला. रामकथा लव–कुश गात आहेत, या मूळ कल्पनेला एककंठी रूप अधिक जवळचे आहे. नाटकाकडून ते कीर्तनाकडे, म्हणजे श्रोत्यांच्या जुन्या सवयीकडे परतले. गीतांचा बांध अनेक कडव्यांचा असून चालींना भूपापासून भैरवीपर्यंत परिचित रागांचा आधार आहे. म्हणूनच सामान्य श्रोत्यालाही ती गुणगुणता येतात. हिंदी, कन्नड, बंगाली, संस्कृत इ. भाषांत झालेली रूपांतरे त्याच चालींवर गाता यावीत अशी केली गेली, ही बाब विशेष लक्षणीय होय. शब्द पालटले तरी कृती तीच राहिली. मग तिचा कर्ता कोण? माडगूळकरांचे महाकवित्व गाणाऱ्या अनेक लेखांत या प्रश्नाला बगल दिलेली आढळते.

फडके यांच्या वारशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यशवंत देव यांनी ‘शब्दप्रधान गायकी’ या नावाने ज्या तत्त्वाचे विवरण केले, त्याचा फडके हे आदर्श ठरले. आणि आदर्शाचे अनुकरण झाले. उच्चार स्वच्छ, सूर नेमका, पण स्वतःचे असे काहीच नाही, असे गायक पुढील दोनतीन दशकांत पुष्कळ निघाले. फडके यांच्या चाली शब्दांना इतक्या घट्ट बिलगलेल्या आहेत, की दुसऱ्या गायकाला त्यांत हातपाय हलविण्यास जागा उरत नाही. सानरेमोची दोन कंठांची कसोटी लावली, तर येथे त्यांच्या गीतांना उणे गुण मिळतील. श्रीनिवास खळे किंवा हृदयनाथ मंगेशकर यांच्या रचना गावयास अधिक अवघड असूनही या बाबतीत अधिक मोकळ्या आहेत.

लोकप्रिय ताऱ्यांच्या बाबतीत कोल्हापूरने एक निराळेच उदाहरण पुरविले. लता मंगेशकर (१९२९–२०२२) यांच्या उमेदवारीचा काळ मास्टर विनायक यांच्या प्रफुल्ल पिक्चर्स या संस्थेत गेला. ही संस्था १९४५ मध्ये मुंबईस हलेपर्यंत कोल्हापुरात होती. हिंदी चित्रपटसृष्टीत त्यांचे स्थान सर्वोच्च झाल्यावर, १९६० नंतर, त्यांनी कोल्हापूरच्या भालजी पेंढारकर यांच्या मोहित्यांची मंजुळा (१९६३), मराठा तितुका मेळवावा (१९६४), साधी माणसं (१९६५) व तांबडी माती (१९६९) या चित्रपटांना संगीत दिले. पण स्वतःच्या नावाने नव्हे, तर ‘आनंदघन’ या टोपणनावाने. कीर्ती ही ज्यांची मुख्य संपत्ती, त्यांनीच ती बाजूला ठेवून केलेले हे काम आहे. त्यात मुंबईच्या वाद्यवृंदाचा डामडौल नाही. ग्रामीण चालींचा ठेका, मोजकी वाद्ये आणि समूहस्वराचा नेमका उपयोग यांवर सारी भिस्त आहे. साधी माणसं साठी आनंदघन यांस उत्कृष्ट संगीताचा राज्य पुरस्कार मिळाला. त्यातील लोहारदांपत्याचे, ऐरणीला उद्देशून गायिलेले गीत नव्याने ऐकणाऱ्यास ते कोणी एकाने रचले आहे असे वाटतच नाही. ते पिढ्यानुपिढ्या चालत आलेले असावे असा भास होतो. लोकप्रिय कलेतील यशाची याहून मोठी खूण सांगणे कठीण आहे. लता मंगेशकर यांच्या गायनाविषयी जेवढे लिहिले गेले त्याच्या शतांशानेही या चार चित्रपटांच्या संगीताविषयी लिहिले गेलेले नाही.

त्या गीताचे शब्द जगदीश खेबुडकर (१० मे १९३२–३ मे २०११) यांचे. कोल्हापूर जिल्ह्यातील हळदी हे त्यांचे जन्मगाव, पेशा शिक्षकाचा. रंगल्या रात्री अशा (१९६२) या चित्रपटापासून त्यांची चित्रपटगीते सुरू झाली आणि पुढील चार दशके कोल्हापुरात राहूनच त्यांनी विपुल लेखन केले. आम्ही जातो अमुच्या गावा (१९७२) मध्ये त्यांचे शब्द आणि फडके यांची चाल असा दोन कोल्हापूरकरांचा योग जुळून आला. त्याच वर्षीच्या पिंजरा या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटातील लावण्यांनी, राम कदम यांचे संगीत व उषा मंगेशकर यांचा कंठ लाभून, त्यांचे नाव घरोघरी पोहोचविले.

खेबुडकरांचे सामर्थ्य बोलीच्या लयीत आहे. पन्हाळा–करवीर भागातील बोलण्यात वाक्याच्या शेवटी येणारा ठसका ते ध्रुवपदाच्या यमकात नेमका पकडतात, त्यामुळे चाल लागण्यापूर्वीच त्यांच्या ओळीला ताल असतो. पिंजरामधील गीते शृंगाराची असूनही कथानकातील मास्तराच्या अधःपातावर सतत भाष्य करतात, हे त्यांतील कौशल्य वरवर ऐकताना निसटते. भक्तिगीत, लावणी, बालगीत, शेतकऱ्याचे गाणे या सर्वांत त्यांची लेखणी सारख्याच सहजतेने फिरली. दोषही याच सहजतेतून आले. मागणी तसा पुरवठा करताना कोट्या, अनुप्रास आणि द्व्यर्थी शब्द यांची पुनरावृत्ती झाली. दुय्यम चित्रपटांसाठी लिहिलेली त्यांची पुष्कळ गीते ध्रुवपदानंतर कोसळतात. पण हे दोष तपशिलात जाऊन कोणी दाखविले, असेही नाही. माडगूळकर यांना १९७३ मध्ये यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. त्यांच्या पदरी जोगियासारखा काव्यसंग्रह होता. खेबुडकर यांना अखेरपर्यंत ‘गीतकार’ या कोटीतच ठेवले गेले. ती कोटी कमी प्रतीची का, याचे उत्तर न देताच हा निवाडा झाला.

याहून मोठा अन्याय खऱ्याखुऱ्या कविगायकांच्या वाट्यास आला. शाहू महाराजांच्या काळात आणि त्यानंतर कोल्हापूर व परिसरात सत्यशोधक जलसे गावोगाव होत. तमाशाचा घाट घेऊन, त्यातील शृंगार वगळून, शेतकऱ्याचे कर्ज, भिक्षुकशाही, शिक्षण हे विषय जलसाकार गात. लहरी हैदर, पिराजीराव सरनाईक यांच्यासारख्या शाहिरांनी कोल्हापुरात पोवाड्याची परंपरा चालविली. पुढे आंबेडकरी जलशातून वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारखा कवी उभा राहिला. नाशिक जिल्ह्यातील देशवंडी या गावचा हा कवी स्वतः शब्द जुळवी, स्वतः चाल लावी आणि गावोगाव हिंडून स्वतः गाई. इटालियन व्याख्येत काटेकोरपणे बसणारा मराठी कविगायक शोधावयाचा, तर पहिले नाव त्यांचे घ्यावे लागेल. त्यांचा वाटचाल हा संग्रह १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि समीक्षकांनी तो छापील कविता म्हणून वाचला आणि बाजूला ठेवला, किंवा चळवळीचे साधन म्हणून गौरविला आणि तसाच बाजूला ठेवला. त्यांची ओळ चालीवर ऐकल्यावाचून तिचे वजन कळत नाही. छापील पानावर ढोबळ वाटणारी पुनरुक्ती गाताना समुदायाला सामील करून घेणारा दुवा ठरते. मराठी समीक्षेने कान न वापरता डोळे वापरले, हे येथे कबूल करावे लागते.

छापील पान आणि गळा यांतील ही तफावत इतरत्रही फसवी ठरते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ज्या गीतास राज्यगीताचा दर्जा दिला, त्याचे शब्द राजा बढे यांचे व चाल श्रीनिवास खळे यांची आहे. तरीही बहुसंख्य लोक ते शाहीर साबळे (१९२३–२०१५) यांचे गीत म्हणून ओळखतात. ही लोकांची चूक आहे असे म्हणणे सोपे आहे. परंतु साबळे यांच्या खड्या, पोवाड्याच्या स्वराशिवाय त्या शब्दांना आणि त्या चालीला राज्यगीत होण्याइतका आवाका आला असता काय, याचाही विचार करावयास हवा.

एकविसाव्या शतकात तिहेरी कर्तृत्वाचे वळण मराठीत पुन्हा दिसू लागले. संदीप खरे हे स्वतःच्या कवितांना चाली लावून त्या गातात. सलील कुलकर्णी यांच्यासमवेत २००३ पासून त्यांनी सादर केलेला ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम मध्यमवर्गीय नागर श्रोत्यांत अतिशय लोकप्रिय झाला. त्यांच्या गीतांत संभाषणाचा मोकळेपणा आणि विनोदाची जाण आहे. मात्र अनुभवाचे क्षेत्र अरुंद असून चाली शब्दांच्या मागून चालतात, पुढे क्वचितच जातात. अजय–अतुल या बंधूंची वाट निराळी आहे. जोगवा या चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सैराट (२०१६) मध्ये चाल त्यांची, शब्दरचनेतही त्यांचाच वाटा मोठा आणि अजय गोगावले यांचा कंठ, असा योग आहे. हलगीचा ठेका आणि लॉस अँजेल्स येथे ध्वनिमुद्रित केलेला पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची त्यांनी घातलेली सांगड काही जाणकारांना बटबटीत वाटली. तो आक्षेप नृत्यगीतांपुरता काही अंशी खरा आहे. संथ गीतांत मात्र तोच वाद्यवृंद सोलापूरकडच्या बोलीतील साध्या शब्दांना मागून आधार देतो, त्यांच्यावर चढत नाही. तेथे आनंदघन यांच्या मोजकेपणाची आठवण होते, जरी साधने अगदी उलट टोकाची असली तरी.